मोझार्टची दहा मिनिटं

एक चौकोनी कागद मधोमध दुमडा. मग आणखी एकदा, या वेळी तिरका. आता घडीच्या एका कोपऱ्याशी कात्रीने छोटासा त्रिकोण कापा. कागद उलगडल्यावर भोकं किती दिसतील आणि कुठे कुठे? गणपतीच्या मखरासाठी घोटीव कागदाच्या जाळ्या कापणाऱ्या मुलांच्या हाताला याचं उत्तर ठाऊक असतं. पण कागद आणि कात्री काढून घेतली आणि ही सगळी दुमडादुमडी डोक्यातल्या डोक्यात करायला सांगितली, की भलेभले अडखळतात.

१९९३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत ३६ विद्यार्थ्यांना अशाच प्रकारचे प्रश्न घालण्यात आले. प्रत्येकाने तीनदा परीक्षा दिली. एकदा त्याआधी १० मिनिटं मोझार्टचा दोन पियानोंसाठी लिहिलेला डी मेजरमधला सोनाटा ऐकून, एकदा मन सैलावणाऱ्या सूचनांची टेप ऐकून आणि एकदा नुसतं शांत बसून. गुण बुद्ध्यंकाच्या पट्टीवर बसवले तेव्हा मोझार्टनंतरचा आकडा ११९ आला, टेपनंतरचा १११ आणि शांततेनंतरचा ११०. पूर्वी चेलोवादक असलेल्या मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस राउशर, भौतिकशास्त्रज्ञ गॉर्डन शॉ आणि त्यांची एक सहकारी यांनी हा निष्कर्ष 'नेचर' या नियतकालिकात जेमतेम एका पानात मांडला.

ते पान नीट वाचलं तर त्यातला दावा फार मर्यादित आहे. परिणाम दिसला तो फक्त आकार मनात फिरवण्याच्या कामात. तोही १० ते १५ मिनिटांत ओसरला. प्रयोगातले सगळे जण कॉलेजात शिकणारे तरुण होते. लहान मूल त्यात एकही नव्हतं. मोझार्ट ऐकल्याने माणूस हुशार होतो, असं त्या पानावर कुठेही लिहिलेलं नाही.

लोकांपर्यंत मात्र नेमकं तेच पोचलं. पाच वर्षांत गोष्ट कॉलेजच्या तरुणांवरून तान्ह्या बाळांवर आली. १९९७ मध्ये डॉन कॅम्पबेल यांचं 'द मोझार्ट इफेक्ट' हे पुस्तक आलं आणि हे नाव त्यांनी व्यापारचिन्ह म्हणून नोंदवूनही घेतलं. १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला अभिजात संगीताची ध्वनिमुद्रिका देण्यासाठी १ लाख ५ हजार डॉलरची तरतूद मागितली आणि आमदारांना सभागृहात बेथोव्हेन ऐकवला. त्याच वर्षी फ्लोरिडात सरकारी पैशावर चालणाऱ्या पाळणाघरांनी रोज अभिजात संगीत लावावं, असा कायदा झाला. एड्रियन बँगर्टर आणि चिप हीथ या दोन संशोधकांनी पुढे अमेरिकी वृत्तपत्रांची जुनी कात्रणं चाळून पाहिली. ज्या राज्यांत शिक्षकांचे पगार कमी होते आणि मुलांचे गुणही कमी होते, तिथल्या वृत्तपत्रांनी मोझार्ट परिणामाची बातमी जास्त उचलून धरली होती. मला या साऱ्या प्रकरणातली ही गोष्ट सर्वात बोलकी वाटते. शाळा सुधारायला वर्षानुवर्षं लागतात, पैसा लागतो. एक सीडी दुपारी आणली की संध्याकाळी लावता येते.

आपल्याकडेही गर्भसंस्काराच्या सीडी अनेक घरांत आल्या, आता त्यांची जागा मोबाइलने घेतली आहे. आई निवांत बसून आवडीचं काही ऐकते आहे, यात वाईट काहीच नाही. तिला बरं वाटत असेल तर तेवढं कारण पुरेसं आहे. पण पोटातल्या बाळाच्या बुद्धीचं काय? गर्भाला आवाज ऐकू येतो, हे खरं. साधारण सहाव्या महिन्यानंतर तो आवाजाला प्रतिसाद देऊ लागतो, मात्र आईच्या शरीरातून गाळून त्याच्यापर्यंत पोचतात ते मुख्यतः खालच्या पट्टीतले स्वर. ऐकलेलं त्याच्या लक्षातही राहतं. बेलफास्टच्या पीटर हेपर यांनी १९९१ मध्ये दाखवलं, की गरोदरपणी ज्या आयांनी 'नेबर्स' ही टीव्ही मालिका नेमाने पाहिली होती, त्यांची दोन-चार दिवसांची बाळं त्या मालिकेचं शीर्षकसंगीत लागताच सावध होत. म्हणजे ओळख पटते. ओळख पटणं आणि हुशार होणं यांत मोठं अंतर आहे, आणि ते अंतर ओलांडणारा पुरावा कुणी दिलेला नाही.

एक पुरावा पुढे आला होता, तो उंदरांचा. १९९८ मध्ये राउशर यांनी उंदरांच्या पिल्लांना जन्माआधीपासून तो सोनाटा ऐकवला आणि मोठी झाल्यावर ती चक्रव्यूहातून अधिक वेगाने बाहेर पडली, असं जाहीर केलं. अमेरिकेतल्याच अॅपलाचियन स्टेट विद्यापीठाचे केनेथ स्टील यांनी २००३ मध्ये त्यावर साधा आक्षेप घेतला. उंदराचं पिल्लू बहिरंच जन्मतं. जन्मानंतर दीडेक आठवडा गेल्यावर त्याचे कान उघडतात. आणि मोठ्या उंदराचा कानही माणसाच्या कानापेक्षा फार वरच्या पट्टीत लावलेला असतो, त्यामुळे त्या सोनाट्यातले बरेचसे स्वर त्याला ऐकूच जात नाहीत. मग पिल्लांनी ऐकलं ते नेमकं काय?

दरम्यान ठिकठिकाणी मूळ प्रयोग पुन्हा करून पाहिला जात होता. कुणाला परिणाम दिसला, कुणाला अजिबात दिसला नाही. हार्वर्डमधल्या ख्रिस्तोफर चॅब्रिस यांनी १९९९ मध्ये अशा १६ अभ्यासांचे आकडे एकत्र केले, तेव्हा आठ-नऊ गुणांची वाढ १.४ गुणांवर आली. एवढा फरक तर तोच माणूस सोमवारी आणि मंगळवारी परीक्षेला बसला तरी पडतो. २०१० मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातल्या संशोधकांनी ४०च्या आसपास अभ्यास आणि सुमारे तीन हजार माणसं हिशेबात घेतली आणि मोझार्टच्या संगीतात खास असं काही आढळत नाही, असा निर्वाळा दिला. व्हिएन्ना हे मोझार्टचंच शहर.

इथे प्रकरण मिटवता आलं असतं. पण ज्यांना परिणाम दिसला त्यांना तो का दिसला, हा प्रश्न उरतोच, आणि मला तो मूळ दाव्यापेक्षा मोलाचा वाटतो. त्याचा छडा लावला कॅनडातल्या ग्लेन शेलेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी.

१९९९ मध्ये त्यांनी आधी मोझार्टच्या जागी शूबर्ट ठेवला. शांत बसण्याच्या तुलनेत त्यानेही गुण वाढले. मग त्यांनी शांतताच काढून टाकली आणि त्या जागी स्टीफन किंगच्या एका कथेचं वाचन ऐकवलं. आता एकूण गटात फरक उरला नाही. प्रत्येकाला आवड विचारली तेव्हा चित्र स्पष्ट झालं: ज्यांना संगीत अधिक भावलं त्यांनी संगीतानंतर चांगले गुण मिळवले, ज्यांना कथा अधिक भावली त्यांनी कथेनंतर. दोन वर्षांनी विल्यम थॉम्प्सन यांच्यासोबत त्यांनी मोझार्टचा तोच चपळ सोनाटा आणि अल्बिनोनीच्या नावाने ओळखला जाणारा संथ, विषण्ण 'अडाजिओ' यांची तुलना केली. मोझार्टने गुण वाढले, अडाजिओने नाही. २००२ मध्ये तर त्यांनी एकाच सोनाट्याची चार रूपं तयार केली: जलद आणि संथ, मेजर आणि मायनर. लय वाढवली की ऐकणाऱ्याला तरतरी यायची, स्वरसप्तक मेजर ठेवलं की मन प्रसन्न व्हायचं, आणि दोन्ही गोष्टींनी कागदाच्या घड्या सोडवणं सोपं व्हायचं.

उत्तर इतकं सरळ आहे. माणूस ताजातवाना आणि खुशीत असला की काही मिनिटं त्याचं डोकं अधिक चांगलं चालतं. संगीत त्याला त्या अवस्थेत नेतं. कपभर चहा किंवा मोकळ्या हवेतली एक फेरीही नेऊ शकते. उलट १० मिनिटं एकट्याने गप्प बसवलं तर तरुण पोरं कंटाळतात. मूळ प्रयोगात मोझार्टने गुण वाढवले हे जितकं खरं असेल, तितकंच शांततेने आणि त्या टेपने गुण उतरवले हेही खरं असू शकतं.

याची सर्वात मोठी पडताळणी ब्रिटनमध्ये बीबीसीच्या मदतीने १९९६ मध्येच झाली होती. दहा-अकरा वर्षांच्या आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांचे तीन गट केले. एकाला मोझार्ट ऐकवला, दुसऱ्याला ब्लर वगैरे त्या काळच्या लोकप्रिय मंडळींची पॉप गाणी, तिसऱ्याला प्रयोगाविषयीची नुसती चर्चा. कागदाच्या घड्यांच्या प्रश्नांत पॉप ऐकणारी मुलं पुढे निघाली. दहा वर्षांच्या मुलाला उभारी कशाने येते, याचा निकाल त्या मुलांनीच दिला.

ही उभारी मेंदूत कुठे उगम पावते, तेही आता बऱ्यापैकी ठाऊक आहे. मॉन्ट्रियलमध्ये व्हॅलोरी सालिमपूर आणि रॉबर्ट झॅटोर यांच्या गटाने २०११ मध्ये अशा लोकांना निवडलं, ज्यांच्या अंगावर आवडत्या संगीताने हमखास काटा येतो. त्यांनीच आणलेलं संगीत त्यांना ऐकवलं आणि मेंदूचं चित्रण केलं. काट्याच्या क्षणी मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या केंद्रात डोपामाइन हे रसायन पाझरलं. अन्न किंवा अनपेक्षित बक्षीस मिळाल्यावर चेतणारं केंद्रही हेच. पण तो क्षण येण्याआधीचे काही सेकंद शेजारच्या दुसऱ्या एका भागात डोपामाइन आधीच पाझरू लागलं होतं. पुढे काय येणार याची चाहूलच सुख देत होती. शास्त्रीय गाण्याच्या बैठकीला बसणाऱ्यांना ही जागा ओळखीची आहे. तिहाई सुरू होते, सम दिसू लागते, आणि ती पडण्याआधीच श्रोत्यांच्या माना हलायला लागतात.

आता घराघरातला प्रश्न. दहावी-बारावीचं पोर कानात इअरफोन घालून अभ्यासाला बसलं आहे. ऐकू द्यावं की काढायला लावावं?

वर सांगितलेले सगळे प्रयोग कामाच्या आधी ऐकलेल्या संगीताचे आहेत. काम चालू असताना वाजणारं संगीत ही अगदी वेगळी बाब आहे. आपण सनावळी, व्याख्या किंवा पाढे पाठ करतो तेव्हा मनातल्या मनात ते शब्द पुटपुटत असतो. वाक्याचा शेवट येईपर्यंत त्याची सुरुवात धरून ठेवायची, तर हा आतला आवाज लागतोच. गाण्याचे शब्द थेट त्याच्या वाटेत येतात. पियर सालामे आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ अॅलन बॅडली यांनी १९८०च्या दशकात दाखवलं, की आकडे ओळीने लक्षात ठेवताना पाठीमागे गाणं लावलं तर चुका वाढतात आणि शब्द असलेलं गाणं नुसत्या वाद्यांपेक्षा जास्त नडतं. यावर मुलांचं ठरलेलं उत्तर असतं, की माझ्या आवडीचं आहे, मला नाही त्रास होत. २०११ मध्ये कार्डिफमधल्या निक पर्हॅम आणि जोआन व्हिझार्ड यांनी नेमकं हेच तपासलं. आवडतं संगीत आणि नावडतं संगीत, दोहोंनी स्मरणाची सारखीच खराबी केली. शांतता सरस ठरली.

म्हणून माझं मत असं. पाठांतर, वाचन, निबंध, म्हणजे शब्दांशी गाठ असेल तिथे गाणं बंद. नकाशे रंगवायचे आहेत, आकृत्या गिरवायच्या आहेत, वह्यांना कव्हरं घालायची आहेत, तिथे खुशाल चालू द्यावं. आणि अभ्यासाला बसण्याआधी किंवा दोन विषयांच्या मधल्या सुट्टीत आवडीची दोन गाणी मोठ्याने लावली, तर त्यांचा खरोखर उपयोग होईल. गाणं कुठलं हे मुलानेच ठरवावं, आईवडिलांनी नव्हे. शेलेनबर्ग यांचे प्रयोग याच बाजूने कौल देतात.

ऐकण्याऐवजी संगीत शिकलं तर? शिकण्याने मेंदूत बदल होतो, यात वाद नाही. १९९५ मध्ये थॉमस एल्बर्ट यांच्या गटाला तंतुवादकांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांनी व्यापलेला भाग इतरांपेक्षा मोठा आढळला, आणि जितक्या लहान वयात शिकायला सुरुवात तितका तो मोठा. तारा दाबायचं काम हीच बोटं करतात. पण व्हायोलिन शिकल्याने गणित सुधारतं का, यावर पुरावे डळमळीत आहेत. शेलेनबर्ग यांनीच २००४ मध्ये सहा वर्षांच्या १४४ मुलांवर वर्षभर प्रयोग करून संगीत शिकणाऱ्यांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा सुमारे तीन गुणांनी अधिक वाढल्याचं दाखवलं होतं. २०२० मध्ये जोव्हानी साला आणि फर्नांड गोबे यांनी ५४ अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा काटेकोर आखणीच्या प्रयोगांत असा फायदा जवळपास उरला नाही. मूल गायला शिकलं की त्याला गाता येतं. त्याला क्लासला घालायला मला तरी दुसरं कारण लागत नाही.

डोक्याच्या कामात संगीताचा हात एवढाच. शरीराच्या कामात मात्र तो फार बळकट आहे. १९९८ मध्ये बर्मिंगहॅमच्या बंदिस्त स्टेडियममध्ये इथिओपियाचा हैले गेब्रसेलासी २,००० मीटरची शर्यत धावला, तेव्हा ध्वनिक्षेपकावर 'स्कॅटमन' हे गाणं वाजत होतं. त्याच्या ठेक्यावर पावलं टाकत त्याने जागतिक विक्रम केला. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले कॉस्टस कारागेऑर्गिस यांनी हा विषय वर्षानुवर्षं लावून धरला आहे. ट्रेडमिलवर ठेक्याशी पाऊल जुळवून चालणारी माणसं थकून थांबेपर्यंत सुमारे १५ टक्के जास्त टिकली. सायकलस्वारांच्या एका अभ्यासात, पायडल ठेक्यात मारलं तर तेवढ्याच कामाला ७ टक्के कमी ऑक्सिजन लागला. ठेका पुढच्या हालचालीची वेळ आधीच सांगतो, त्यामुळे स्नायू अडखळत नाहीत आणि वाया जाणारी ताकद वाचते. शिवाय लक्ष थकव्यावरून उडतं. हे मध्यम श्रमापर्यंतच. जीव तोडून धावताना छाती आणि पोटऱ्या इतक्या मोठ्याने बोलू लागतात, की गाणं मागे पडतं.

आपल्या बायकांना हे प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होतं. पहाटेच्या अंधारात जात्याच्या दोन बाजूंना दोघी समोरासमोर बसत. खुंटा दोघींच्या मुठीत. एकीचा हात ओढतो तेव्हा दुसरीचा ढकलतो, आणि दोन हातांची ही वेळ चुकू नये म्हणून ओवी. एकटीने जड जातं ओढताना ओळ लांबवायची, दम लागला की तीच ओळ फिरून घ्यायची. पुण्यात हेमा राईरकर आणि जन्माने फ्रेंच असलेले गी प्वातवँ यांनी १९८०च्या दशकापासून गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत राम-सीता आहे, माहेर आहे, नवऱ्याचा जाच आहे, बाबासाहेब आहेत. गिरणी आली आणि गाण्याची वेळच गेली. शेतातली भलरी आणि मोटेवरची गाणी यांचंही तेच झालं. ती मनोरंजनासाठी जन्मलेली नव्हती. काम सुसह्य करण्याचं ते साधन होतं, म्हणून कामाबरोबर सरली.

ठेका आणि हालचाल यांची ही गाठ मेंदूत आधीपासून बांधलेली असते. माणूस खुर्चीत निश्चल बसून नुसता ठेका ऐकत असला, तरी मेंदूतले हालचालीचे भाग जागे होतात. पार्किन्सन्सच्या रुग्णाला याचा फायदा होतो तो इथेच. या आजारात हालचालीची आतली वेळ देणारी यंत्रणा मोडकळीला येते. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, पावलं आखूड पडतात, दाराच्या उंबऱ्याशी माणूस जागीच थिजतो. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये मायकेल थाउट यांनी अशा रुग्णांना तीन आठवडे स्पष्ट ठेक्याच्या संगीतावर चालण्याचा सराव दिला. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत चालण्याचा वेग सरासरी २५ टक्क्यांनी आणि पावलाची लांबी १२ टक्क्यांनी वाढली. आतला ठेका हरवला तर बाहेरचा ठेका कानावाटे शिरून ते काम काही प्रमाणात निभावतो. आजार बरा होत नाही, पण उंबरा ओलांडता येतो.

आणि ज्याच्या मेंदूला इजा झाली आहे त्याच्या बाबतीत नुसत्या ऐकण्यानेही फरक पडल्याचं एकदा तरी नीट मोजलं गेलं आहे. फिनलंडमध्ये हेलसिंकी इथे तेप्पो सार्कामो यांच्या गटाने पक्षाघाताच्या ६० रुग्णांना, झटका आल्यानंतर लगेचच, तीन गटांत विभागलं. एक गट दोन महिने रोज किमान तासभर स्वतःच्या आवडीचं संगीत ऐकत होता, दुसरा पुस्तकांचं ध्वनिमुद्रित वाचन, तिसऱ्याला यातलं काही दिलं नव्हतं. औषधं आणि व्यायामोपचार तिन्ही गटांना नेहमीप्रमाणे चालू होते. झटक्यानंतर तीन महिन्यांनी शब्दांची स्मरणशक्ती संगीताच्या गटात ६० टक्क्यांनी सुधारली होती, पुस्तकांच्या गटात १८ आणि तिसऱ्यात २९ टक्क्यांनी. लक्ष एकाग्र करण्याची ताकदही संगीताच्या गटातच वाढली, आणि निराशा तिसऱ्या गटाच्या तुलनेत कमी राहिली. हा निष्कर्ष २००८ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात आला. निरोगी माणसाला १० मिनिटांत हुशार करण्याचं जे वचन मोझार्टच्या नावावर खपवलं गेलं, त्याच्याशी याची गल्लत करू नये. इथे मेंदू डागडुजीच्या ऐन काळात आहे, आणि संगीत महिनोन्महिने, रोज दिलं जात आहे.

पक्षाघाताचा रुग्ण त्या पहिल्या आठवड्यांत दिवसाचा बहुतेक वेळ कुणाशी न बोलता, काही न करता पडून असतो. फिजिओथेरपिस्ट येऊन जातो, बाकीचे तास रिकामे. घरातल्या एखाद्या नातवाने डॉक्टरांना विचारून उशाशी एक छोटा स्पीकर ठेवावा. भीमसेन जोशींचे अभंग, लता मंगेशकरांची गाणी, शाहीर साबळे, जुन्या तमाशातल्या लावण्या, जे काही आजोबांना झटका येण्याआधी आवडत होतं ते लावावं. बोलता येत नसेल तर हाताच्या खुणेने किंवा मानेने 'हे' की 'ते' विचारून घ्यावं, आणि ते थकले की बंद करावं.